मु. पो. यूएसआर-बिन-पर्ल

जगातलं प्रत्येक सॉफ्टवेअर निदान एका घरी तरी बिनतक्रार चालतं. ज्यानं ते लिहिलं त्याच्या घरी. तिथून ते दुसऱ्याचा उंबरा ओलांडायला निघालं की आमच्यासारख्यांच्या पोटापाण्याची सोय होते.

माझा धंदा लिनक्सची पॅकेजं बांधायचा. कुणीतरी लिहिलेला प्रोग्राम घ्यायचा, आरपीएमच्या नाहीतर डेबच्या पुडक्यात नीट बसवायचा, आणि ते पुडकं कुठल्याही अनोळखी मशीनवर सोडलं तरी आतला माल चालला पाहिजे हे बघायचं. हे काम कुठूनही करता येतं, म्हणून मी ते जबलपूर जिल्ह्यातल्या मझौलीत आत्याकडे बसून करतो. मराठी माणूस मझौलीत कसा, असं इकडचे नाही पण पुण्याचे लोक हमखास विचारतात. १७९८ ते १८१७ जबलपूर नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात होतं. तेव्हापासून आपली माणसं इकडे येऊन रुजली. पुढे काही रेल्वेनं आणली, काही तोफगाड्यांच्या कारखान्यानं. आमचे आतोबा अशाच एका सरकारी नोकरीतून निवृत्त झाले आणि जबलपूरचा गोंगाट नको म्हणून या तहसिलीच्या गावी येऊन राहिले. गावात कलचुरींच्या काळातलं विष्णु-वराहाचं देऊळ आहे, थंडीत मटारानं भरलेल्या ट्रॉल्या आहेत आणि इंटरनेटही बऱ्यापैकी आहे. ‘पॅकेजिंगचं काम करतो’ असं मी सांगितल्यावर शेजारच्या अडत्यानं गोणीमागे काय घेता, असं विचारलं होतं. तेव्हाच भाव सांगून टाकला असता तर आज बरे दिवस असते.

तर, स्क्रिप्ट. स्क्रिप्ट म्हणजे साध्या मजकुराची फाईल. तिला स्वतःला काही करता येत नाही. तिच्या ओळी वाचून तसं वागणारा कुणीतरी लागतो: पर्ल, पायथन, बॅश, ज्याची जी भाषा. हा वाचणारा, म्हणजे इंटरप्रिटर, राहतो कुठे ते फाईलच्या पहिल्याच ओळीत लिहायचं असतं. आधी ‘#!’ ही दोन चिन्हं आणि मग पत्ता, उदाहरणार्थ ‘/यूएसआर/बिन/पर्ल’. धंद्यात या ओळीला शेबँग म्हणतात. फाईल चालवायला सांगितली की लिनक्सचा कर्नल, म्हणजे त्याचा गाभा, पहिली दोन अक्षरं बघतो, ती ओळखीची निघाली की पुढचा पत्ता वाचतो, त्या पत्त्यावरच्या गृहस्थाला उठवतो आणि फाईल त्याच्या गळ्यात घालून मोकळा होतो. ही सोय डेनिस रिची यांनी बेल लॅब्जमध्ये जानेवारी १९८०मध्ये केली. त्याआधी कर्नलला स्क्रिप्ट चालवताच यायची नाही. तो सरळ हात वर करायचा आणि मग शेल, म्हणजे टाईप केलेल्या आज्ञा ऐकणारा प्रोग्राम, बिचारा ती आपली आपण वाचत बसायचा.

हे सगळं मी एकदा जेवताना सांगितलं. जबलपूर हे छावणीचं शहर. तिथे हयात काढलेल्या माणसाला कर्नल म्हटलं की मिशा आणि जीप दिसते. आतोबांनी भाताचं आळं करता करता विचारलं, “म्हणजे तुझे कर्नलसाहेब सगळा कागद वाचत नाहीत?”

“नाही. पहिली ओळ.”

“फक्त?”

“तीही पूर्ण वाचतील असं नाही.”

“मग खरेच कर्नल आहेत,” असं म्हणून त्यांनी आमटी ओतली.

साहेबांची खरी खोड पुढेच आहे. पत्त्यावर कुणी सापडलं नाही की ते उत्तर देतात, ‘नो सच फाईल ऑर डिरेक्टरी’. कोणती फाईल नाही, हे सांगत नाहीत. गिऱ्हाईकाला वाटतं, आपण चालवतोय तीच नाही. मग त्याचा फोन येतो.

“फाईल नाही म्हणतंय.”

“आहे का पण?”

“आहे ना! एलएस केलं, समोर दिसतेय.”

“मग?”

“चालवली की नाही म्हणतंय.”

समोर असलेली वस्तू नाही असं एखादं यंत्र शांतपणे सांगतं, तेव्हा माणूस आधी स्वतःवर संशय घेतो, मग हार्ड डिस्कवर आणि शेवटी पॅकेज बांधणाऱ्यावर. नाहीशी असते ती फाईल नव्हे, पहिल्या ओळीतल्या पत्त्यावरची असामी. बॅशला ही गोम ठाऊक आहे, म्हणून तो बरीच वर्षं आपल्या पदरचे ‘बॅड इंटरप्रिटर’ असे दोन शब्द जोडायचा. एवढ्या दोन शब्दांसाठी मी बॅशचे बाकीचे शंभर अपराध माफ केले आहेत.

सर्वांत छळवादी प्रकार विंडोजवर लिहिलेल्या फाईलींचा. विंडोज ओळ संपवायला दोन अक्षरं टाकतं, लिनक्स एकच. त्यातलं जादा अक्षर पडद्यावर दिसत नाही, पण कर्नलला ते पत्त्याचाच भाग वाटतं. म्हणजे ओळीत ‘/यूएसआर/बिन/पायथन३’ असं स्वच्छ लिहिलेलं, त्या जागी पायथन३ खराच बसलेला, आणि साहेब शोधतायत तो मात्र ‘पायथन३ अधिक एक अदृश्य शेपूट’. डॉस-टू-युनिक्स नावाचा छोटासा प्रोग्राम हे शेपूट कापतो. तो चालवायचं सुचेपर्यंतची दुपार मात्र गेलेली असते.

पण हे झालं अपघातानं. खरी करमणूक लोक जाणूनबुजून जे पत्ते लिहितात त्यांत आहे. लिहिणाऱ्यानं स्वतःच्या मशीनवर पर्ल हातानं बांधलेलं असतं, म्हणून तो बिनदिक्कत ‘/यूएसआर/लोकल/बिन/पर्ल’ लिहितो. फ्री-बीएसडीवर पर्ल खरंच तिथे राहतं, त्यामुळे त्याला वाटतं सगळीकडे तिथेच राहतं. नव्या मॅकवाल्याच्या ओळीत ‘/ऑप्ट/होमब्रू’ येतं. एखादा डेटावाला ‘/होम’ पासून सुरू करून स्वतःचं नाव, मग अ‍ॅनाकोंडा आणि मग पायथन लिहितो. ही ओळ घेऊन पॅकेज हजार मशीनवर गेलं तर तिथे हजार वेळा या गृहस्थाचं घर शोधलं जाणार. आणि काही पत्ते तर कुणी लिहिलेलेच नसतात. पायथनच्या व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंटमध्ये पिप या अवजारानं काही बसवलं की ते प्रत्येक स्क्रिप्टच्या डोक्यावर त्या क्षणीचा संपूर्ण पत्ता कोरतं. बांधकाम ‘/टीएमपी’मधल्या तात्पुरत्या फोल्डरात चाललेलं असेल, तर तोच पत्ता. काम झाल्यावर फोल्डर पुसला जातो, पत्ता उरतो.

यात आरपीएम आणखी तेल ओततं. ते पॅकेज बांधताना प्रत्येक चालवण्याजोग्या स्क्रिप्टची पहिली ओळ स्वतः वाचतं आणि तिथला पत्ता पॅकेजच्या गरजांच्या यादीत टाकून देतं. हेतू उत्तम. परिणाम असा की एका कोपऱ्यातल्या, कधीच न चालणाऱ्या नमुना स्क्रिप्टवर ‘/यूएसआर/लोकल/बिन/पर्ल’ लिहिलेलं असलं तर अख्खं पॅकेज बसायलाच नकार देतं: ही फाईल देणारं पॅकेज जगात कुठेही नाही. आणि नसतंच. डिस्ट्रिब्युशनची पॅकेजं ‘/यूएसआर/लोकल’ला हात लावत नाहीत, ती जागा मशीनच्या मालकासाठी सोडलेली असते. चाळीस एमबीचा प्रोग्राम एकोणीस अक्षरांवर अडून बसलेला मी पाहिला आहे.

इथे मझौलीचं एक प्रकरण सांगायला हवं. मझौली एक नाही. मध्यप्रदेशातच दोन तहसिली याच नावाच्या आहेत: एक आमची, दुसरी सीधी जिल्ह्यात. शिवाय उत्तर प्रदेशात देवरियाकडे मझौली राज आहे. मी मागवलेल्या एका कीबोर्डच्या पार्सलवर पाठवणाऱ्यानं ‘मझौली, म. प्र.’ इतकंच छापलं. एके सकाळी कुरिअरच्या पोऱ्याचा फोन आला.

“भैया, मझौली पहुँच गए हैं. घर किधर पड़ेगा?”

“वराह मंदिर के पास.”

थोडा वेळ शांतता. “इधर तो ऐसा कोई मंदिर नहीं है.”

“कलचुरी काल का है भैया, कहाँ जाएगा!”

तो सीधीच्या मझौलीत उभा होता आणि मी त्याला अकराव्या शतकाचे पुरावे देत होतो. तो कुणाला तरी विचारून बघतो म्हणाला. त्यानं विचारलं असणार आणि कुणीतरी काहीतरी सांगितलंही असणार, कारण कीबोर्ड त्यानंतर आठवडाभर तिकडेच फिरत होता.

‘#!/यूएसआर/बिन/एन्व्ह पायथन’ ही ओळ नेमकी हेच करते. पायथन कुठे आहे ते सांगत नाही. एन्व्ह नावाच्या माणसाकडे जा म्हणते आणि तो ‘पाथ’च्या यादीत लिहिलेल्या गल्ल्या ओळीनं धुंडाळून या नावाचा जो पहिला इसम भेटेल त्याच्याकडे फाईल देतो. म्हणजे गावात जा आणि कुणालाही विचार. गंमत अशी की कुणालाही विचार म्हणणाऱ्यालासुद्धा तो ‘कुणीही’ कुठे बसतो, त्याचा पत्ता पूर्णच लिहावा लागतो. त्यात लिनक्स पत्त्यानंतरचा सगळा मजकूर एकगठ्ठा देतं. ‘एन्व्ह पायथन३ -यू’ लिहिलं तर एन्व्ह ‘पायथन३ -यू’ अशा आडनावासकट नावाचा प्रोग्राम शोधत फिरतो. त्यावर तोडगा म्हणून एन्व्हला ‘-एस’ ही खूण कळू लागली, तीही २०१८मध्ये.

लिहिणाऱ्याच्या दृष्टीनं एन्व्ह झकास. त्याच्याकडे पाच पायथन असतात आणि आज ज्याच्या वातावरणात तो शिरला आहे तोच त्याला हवा असतो. पण हीच ओळ पॅकेजात गेली की काय होतं पाहा. कुणा अकाउंटंटनं यूट्यूबवर बघून आपल्या घरच्या फोल्डरात आणखी एक पायथन आणून ठेवलेलं असतं आणि ते ‘पाथ’मध्ये सर्वांच्या पुढे असतं. आता सिस्टिमचं अवजार त्या पायथनच्या हातात पडतं, त्या बिचाऱ्याकडे लागणारी मॉड्यूल्स नसतात, आणि अकाउंटंट म्हणतो की तुमच्या अपडेटनं माझं मशीन बिघडलं. या वादात माझी बाजू ठरलेली आहे. घरी काय विचारायचं ते विचारा, पण पुडक्यावर पत्ता पूर्ण हवा.

लिनक्सच्या मोठ्या घराण्यांचंही हेच म्हणणं आहे. डेबियनच्या पॉलिसीत पर्लच्या स्क्रिप्टनं ‘/यूएसआर/बिन/पर्ल’ हाच पत्ता लिहायचा असं बजावलेलं आहे. सी-डॅकनं २००७मध्ये काढलेलं आपलं ‘बॉस’ लिनक्स डेबियनवरच उभं, तेव्हा तेही त्याच शिस्तीतलं. फेडोरा तर पुण्याच्या मंडळींना घरचंच. २०११च्या नोव्हेंबरात सीओईपीच्या आवारात त्यांची फुडकॉन परिषद भरली होती. फेडोरात एन्व्ह चालत नाही आणि ते नुसतं सांगून थांबत नाहीत, त्यांनी त्यासाठी एक हत्यार ठेवलं आहे: बीआरपी-मँगल-शेबँग्ज. पॅकेज बांधून होत आलं की हे सगळ्या फाईलींवरून फिरतं आणि एन्व्हवाल्या ओळी पूर्ण पत्त्यात बदलून टाकतं, प्रत्येक बदलाची एक ओळ छापत. नावातच मोडतोड असलेलं आणि तरीही उपकारच करणारं असं दुसरं अवजार माझ्या माहितीत नाही. याची एक सवय मला विशेष आवडते. एखाद्या फाईलीला चालवण्याची परवानगी आहे पण तिच्या डोक्यावर शेबँगच नाही असं दिसलं, तर ते एक इशारा छापतं आणि परवानगी काढून घेतं. पत्ता नाही, तर चालायचं नाही. आतोबांना हे फार पटलं. तहसील कार्यालयातही हेच सॉफ्टवेअर असणार असं त्यांचं मत पडलं.

बाकीच्यांची आपापली तऱ्हा. फ्री-बीएसडीत ‘शेबँगफिक्स’ आहे. फोनवरच्या टर्मक्समध्ये ‘/यूएसआर’ हा मोहल्लाच नाही, सगळं अँड्रॉइडनं नेमून दिलेल्या ‘/डेटा/डेटा’च्या पोटात, म्हणून तिथेही दुरुस्तीचं अवजार. ‘/बिन/एसएच’चा पत्ता सगळीकडे सारखा, पण तिथे राहणारा वेगळा: उबुंटूनं २००६मध्ये बॅशला हलवून डॅश नावाच्या दुसऱ्या शेलला आणून बसवलं आणि बॅशच्या लाडिक बोलीत लिहिलेल्या असंख्य स्क्रिप्टांना भाडेकरू बदलल्याचं पहिल्याच दिवशी समजलं.

पत्ता बदलल्यावर काय करायचं, याबाबत मात्र लिनक्सनं सरकारपेक्षा शहाणपणा दाखवला. १९५६पर्यंत या मुलखाची राजधानी नागपूर होती, मग ती भोपाळला गेली. आतोबांच्या वडिलांच्या जमिनीच्या कागदांवर नागपूर, आतोबांच्या स्वतःच्या कागदांवर भोपाळ, आणि जुना कागद घेऊन गेलं की नव्या टेबलावर कुणी ओळख देत नाही. लिनक्सवाल्यांनीही ‘/बिन’मधली सगळी बिऱ्हाडं ‘/यूएसआर/बिन’मध्ये हलवली. फेडोरानं २०१२ला, डेबियननं रडतखडत २०२३च्या बाराव्या आवृत्तीपर्यंत. पण जाताना जुन्या जागी एक सिमलिंक, म्हणजे नव्या पत्त्याची चिठ्ठी, ठेवून गेले. १९९०मधली स्क्रिप्ट आजही ‘/बिन/एसएच’वर जाते, आणि घर हललंय हे तिला कळतसुद्धा नाही.

पायथनच्या बाबतीत हा शहाणपणा पार वाहून गेला. नुसतं ‘पायथन’ म्हणजे कोण? वर्षानुवर्षं याचं उत्तर पायथन २ होतं. ऑक्टोबर २०१०मध्ये आर्च लिनक्सनं एका रात्रीत ते पायथन ३ करून टाकलं. एकाच पत्त्यावर आता आर्चमध्ये धाकटा आणि बाकी सगळीकडे थोरला. २०११मध्ये पायथनवाल्यांनी पेप ३९४ नावाचं पत्रक काढून सांगितलं की बाबांनो, आकडा लिहीत चला. लोकांनी लिहिला नाही. १ जानेवारी २०२०ला पायथन २ सेवानिवृत्त झाला तेव्हा फेडोराचं ते हत्यार नुसत्या ‘पायथन’ला संदिग्ध ठरवून बांधकामच थांबवायला शिकलेलं होतं. डेबियन-उबुंटूनं ती जागा चक्क रिकामी ठेवली. ज्याला हवं त्यानं आपल्या जबाबदारीवर कुणाला तरी तिथे बसवावं. त्यासाठी त्यांनी पॅकेजं काढली आणि त्यांची नावं पूर्ण वाक्यांची ठेवली: ‘पायथन-इज-पायथन३’. उबुंटू २०.०४मध्ये त्याच्या शेजारी ‘पायथन-इज-पायथन२’ही होतं, म्हणजे सत्य निवडायची सोय होती. आणि ही दोन्ही ज्या मूळ पॅकेजातून निघतात त्याचं नाव ‘व्हॉट-इज-पायथन’. इतका आध्यात्मिक प्रश्न करणारं पॅकेज मी तरी दुसरं बांधलेलं नाही.

सगळ्यांत कडक पत्ता निक्स-ओएसचा. त्यांच्याकडे ‘/बिन’मध्ये एकटा एसएच आणि ‘/यूएसआर/बिन’मध्ये एकटा एन्व्ह, बाकी शुकशुकाट. प्रत्येक प्रोग्राम ‘/निक्स/स्टोअर’मध्ये स्वतःच्या खोलीत राहतो आणि खोलीच्या नावाआधी बत्तीस अक्षरांचा गिचमिड क्रमांक. त्यांचं ‘पॅच-शेबँग्ज’ प्रत्येक स्क्रिप्टच्या डोक्यावर हा पत्ता घालतं, त्यामुळे चुकीच्या पायथनच्या हाती लागण्याचा प्रश्नच मिटतो. फक्त ओळी वाढतात. काही पर्ल स्क्रिप्टांत तर पत्त्यामागून प्रत्येक लायब्ररीच्या खोलीचा क्रमांकही पहिल्याच ओळीत, एकामागून एक.

आणि कर्नलसाहेब वाचायचे १२८ अक्षरं. पुढचं न बोलता कापून टाकायचे. वर्षानुवर्षं कुणाचं काही बिघडलं नाही, कारण पर्लला एक सवय आहे: फाईल हातात आली की ते पहिली ओळ पुन्हा स्वतः वाचतं आणि तिथल्या सूचना पाळतं. साहेबांनी गाळलेलं ते आपसूक भरून काढायचं. २०१९च्या सुरुवातीला कर्नलमध्ये एका सज्जनानं सुधारणा केली: ओळ मावत नसेल तर अर्धवट वाचण्यापेक्षा सरळ नकार द्यावा. तत्त्वतः कुणीही मान डोलावेल. प्रत्यक्षात निक्स-ओएसवर कर्नलनं हात वर केले, मग १९८०पूर्वीच्या रिवाजानुसार शेलनं ती फाईल आपली समजून वाचायला घेतली, आणि पर्लच्या ओळी शेलच्या तोंडी पडल्या. बोंबाबोंब झाली. लिनस टॉर्व्हल्ड्स यांनी फेब्रुवारीत सुधारणा मागे घेतली, कारण चालणारं बंद पाडायचं नाही हा त्यांच्या घरचा जुना नियम. थोड्याच दिवसांत ५.१ आवृत्तीत मर्यादा २५६ अक्षरांची झाली. पायथनच्या बाजूला पिपच्या पोटातल्या लायब्ररीनं तर साहेबांचा नादच सोडला आहे: ओळ लांब झाली की ती वर नुसतं ‘/बिन/एसएच’ लिहिते आणि खरा पत्ता दुसऱ्या ओळीत अशा खुबीनं घालते की शेल ती आज्ञा समजतो आणि पायथन ती नुसती अवतरणातली अक्षरं समजून पुढे जातो.

हेही मी आतोबांना सांगितलं, कारण त्यांनी मधल्या काळात दोनदा ‘तुझे कर्नल कसे आहेत’ म्हणून चौकशी केली होती.

“म्हणजे साहेब अर्धंच वाचायचे आणि हाताखालचा कारकून पूर्ण वाचून निस्तरायचा?”

“हो.”

“आणि साहेबांनी नियमानं वागायचं ठरवल्यावर सगळं बंद पडलं?”

“हो. म्हणून वरून हुकूम आला, पूर्वीसारखंच चालू द्या.”

“आणि आता दुप्पट वाचतात म्हणतोस.”

“२५६.”

“बढती झाली असेल,” आतोबा म्हणाले आणि वर्तमानपत्राची घडी उलगडून पहिल्या पानाचा मथळा वाचून झाल्यावर ते खेळाच्या पानाकडे वळले.